कोअर का बसत नाही

कोअर बॉक्सच्या आतल्या भिंतीवर मी नख आडवं ओढलं. काठाजवळ काहीच लागलं नाही. सागवान तिथं काचेसारखं गुळगुळीत होतं. मग तळाजवळ ओढलं. तिथं नख कंगव्याच्या दातांवरून जावं तसं थरथरत गेलं. डोळ्यांना मात्र त्या जागी काहीच दिसत नव्हतं. पुन्हा एकदा वर ओढून पाहिलं, पुन्हा खाली. वर गुळगुळीत, खाली रेघा.

“काय गं, लाकडाची नाडी बघायलीस व्हय?” दादा म्हणाला.

“बघू दे की त्यांना,” मगदूमसाहेब म्हणाले. “पुण्याहून मुद्दाम आल्यात. आपल्यासारखं हातात घेतलं आणि टाकलं, असं नसतंय त्यांचं.”

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत दादाची पॅटर्नची शेड होती. ओतकामाच्या कारखान्याला पंपाचं अंग ओतायचं असेल, तर आधी त्याची लाकडी प्रतिकृती लागते. तो पॅटर्न. पॅटर्न वाळूत दाबून काढला की वाळूत त्याच्या आकाराची पोकळी राहते, तिच्यात लोखंडाचा रस ओततात. पण पंप आतून पोकळ हवा, म्हणून त्या पोकळीत वाळूचाच एक गाभा ठेवावा लागतो. त्याला कोअर म्हणतात, आणि तो ज्या लाकडी पेटीत घडवतात ती कोअर बॉक्स. कोअरची टोकं टेकायला पॅटर्नवरच दोन उंचवटे ठेवलेले असतात. त्यांच्यामुळे वाळूत कोअरची बैठक तयार होते. कोअर बैठकीत नेमका बसला पाहिजे. सैल बसला तर हलतो आणि पंपाची भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ येते. बैठक लहान झाली तर कोअर आत जातच नाही.

दादाचे कोअर जात नव्हते.

“दिवाळीपासून हेच चाललंय, विलासराव,” मगदूमसाहेब म्हणाले. त्यांच्या कारखान्यातल्या पॅटर्नची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती. “आमची माणसं कोअर कानशीनं घासून बसवत्यात. घासला की वाळू झडते, झडलेली वाळू रसात जाते, आणि पंप घामट माणसागत पाझरतोय. वरचे लोक मला विचारत्यात. मी तुमचं नाव किती दिवस झाकू?”

“मशीनमध्ये काहीतरी झालंय साहेब. त्यासाठीच हिला बोलावलं,” दादा म्हणाला.

“मशीनचा दोष असला तर मशीन दुरुस्त करून घ्या. माणसाचा असला तर माणूस बदला. उद्या सकाळी येतो, काय ते सांगा.” साहेब हे हसतच म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारून गेले.

दादा हसला नाही. संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या त्या लाकूड कापायच्या मशीनवर उभा राहणारा माणूस शेडमध्ये एकच होता, आणि तो दादा होता.

मी तेव्हा पुण्यात एका प्रयोगशाळेत मापनाची साधनं तपासायचं काम करत होते. एखादी पट्टी, एखादा गेज किती खोटं बोलतो ते शोधायचं आणि तसं लिहून द्यायचं. दादाचा फोन आला तेव्हा तो म्हणाला होता, “मशीन वाकडं कापायला लागलंय. तू येऊन तसं लिहून दे, म्हणजे मशीनवाल्यांना बोलावतो.” येऊन बघ, असं तो म्हणाला नव्हता. त्या वेळी मला हा फरक जाणवला नाही.

मशीनच्या स्पिंडलला, म्हणजे कापणारं हत्यार फिरवणाऱ्या दांड्याला, डायल गेज बांधून मी तो लाकूड आवळायच्या पाटीच्या सरळ कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवला. मग आडवं, मग खालीवर. काटा एका जागी उभा होता. स्पिंडल हातानं गरागरा फिरवलं, तरी तसाच. दादा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

“किती फरक हाय?”

“नाही. मशीन सरळ आहे.”

“नीट बघ.”

“दोनदा बघितलं, दादा.”

कोपऱ्यातल्या संगणकापाशी माणिकवहिनी बसल्या होत्या. त्या बी.कॉम. झालेल्या. गणपतीच्या सुमारास त्यांनी कोल्हापुरात एक वर्ग लावून मशीनचे प्रोग्राम करायला शिकून घेतलं होतं. त्याआधी ते काम बाहेरच्या एका माणसाकडून करून घेत. मी “सरळ आहे” म्हटलं, तेव्हा त्यांनी पदराच्या टोकानं पडदा पुसायला घेतला. पडदा स्वच्छच होता.

“हा कटर एवढा बाहेर का काढलायस?” मी दादाला विचारलं. कटर ज्या चिमट्यात घट्ट धरतात त्याला कॉलेट म्हणतात, आणि तो नटानं आवळतात. त्या नटापासून कटरचं टोक वीतभर खाली लोंबत होतं.

“खोल पेटीला लांबच लागतोय.”

“लागतो तेवढा ठीक आहे. हा त्याच्यापेक्षा तीन बोटं जास्त आहे.”

“नट लाकडाला धडकला तर? स्पिंडल गेलं तर तू आणून देणार हायस?”

“कटर एका टोकाला धरलेला आहे, दुसरं टोक मोकळं. लांबी दुप्पट झाली की त्याच भाराला वाक आठपट होतो. कापताना तो लाकडापासून लांब झुकणार. वर नटाजवळ नाही झुकायचा, खाली टोकाशी झुकेल. म्हणजे तळाला लाकूड शिल्लक राहणार.”

“मग राहिलंय का? मोज की. तुझ्याच हातात हाय पेटी.”

मी मोजलं. तळाशी माप नकाशाप्रमाणे होतं, अगदी केसभरही फरक नव्हता. उलट वरच्या काठाशी पेटी नकाशापेक्षा किंचित रुंद होती.

“बघ,” दादा म्हणाला. “पुस्तकात आठपट, पेटीत काय न्हाई.” त्याला क्षणभर बरं वाटलं. मग मशीनही सरळ आणि पेटीही बरोबर म्हटल्यावर दोष कुठं राहतो, हे त्याच्या लक्षात आलं असावं. तो बाहेर जाऊन नळावर हात धूत राहिला.

तळाच्या रेघा खोट्या नव्हत्या. कटर तिथं थरथरला होता, म्हणजे वाकला होता. वाकलेल्या कटरनं तळाला लाकूड ठेवायला हवं होतं आणि ठेवलं नव्हतं. याचा एकच अर्थ होता. तो किती वाकणार हे कुणाला तरी आधीच माहीत होतं, आणि त्या कुणीतरी त्याला तेवढंच पुढं पाठवलं होतं.

दुपारी शेडच्या मागच्या पडवीत वहिनींनी डबा उघडला. दादा जेवायला घरी गेला होता. तो गाडी न घेता चालत गेला, हे मी पाहिलं. घर जवळच होतं, म्हणून त्याचं काही वाटलं नाही.

“वन्सं, भाकरी कुस्करून देऊ, का पुण्याच्या लोकांनी दात ठेवल्यात अजून?”

“दात आहेत. वहिनी, कापायच्या शेवटच्या हाताला तुम्ही प्रोग्राममध्ये किती जास्त देता?”

वहिनींचा हात डब्याच्या झाकणावरच राहिला. “कळलं व्हय तुम्हाला.”

“वरचा काठ रुंद आलाय. किती देता?”

“अर्ध्या मिलिमीटरला थोडं कमी. एक पेटी मोजली, तळाला बारीक निघाली. दुसरी मोजली, तीही तेवढीच. मग मी म्हटलं, रोज तेवढीच बारीक येती तर आपणच तेवढी वाढवून द्यावी.”

“दादाला माहीत आहे?”

“न्हाई. आणि तुम्ही सांगायचं न्हाई.”

“पण कटर आत घ्यायला सांगणं सोपं नव्हतं का?”

“सांगितलं की. एकदाच. दोन दिवस जेवले न्हाईत. कटर ते स्वतः बांधत्यात, कुणाला हात लावू देत न्हाईत.” त्या चटणीत तेल घालत होत्या. “तुम्हाला वाटत असंल, हट्टी माणूस हाय.”

“मग काय आहे?”

“काय न्हाई. ताक घ्या.”

मी ताक घेतलं. एक गोष्ट तरीही जुळत नव्हती. “वहिनी, तुमची पेटी बरोबर आहे. म्हणजे कोअरही बरोबर येत असणार. मग तो बसत का नाही?”

“तेच तर मला कळंना झालंय,” वहिनी म्हणाल्या, आणि एकदम हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरले. “पेट्या तळाला बारीक येत होत्या तेव्हा बसायचे ओ वन्सं! मी बरोबर करायला लागले आणि बसायचे बंद झाले. माझा हातच वाईट म्हणायचा, दुसरं काय.”

आण्णा, माझे वडील, शेडच्या दुसऱ्या बाजूला निंबोणीखाली हातकामाला बसायचे. मशीनमधून निघालेल्या पॅटर्नला पॉलिश पेपर मारायचा, लाखेचा हात द्यायचा, कडा मोडायच्या, एवढं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. सत्तरी उलटली होती, पण रंध्याचा आवाज एकसारखा यायचा. मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी आणि दादानं पावसाळाभर एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. पुढं बोलायला लागले, तेही माझ्या आईच्या आजारपणामुळे.

मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसले. त्यांच्या मांडीवर नव्या पंपाचा पॅटर्न होता. टोकाच्या उंचवट्यावरून, म्हणजे जिथं कोअरची बैठक होणार त्या जागेवरून, ते रंधा चालवत होते. पातळ, पारदर्शक साल निघत होती.

“आण्णा, द्या जरा.”

त्यांनी पॅटर्न माझ्याकडे दिला. मी व्हर्नियर लावला. पुन्हा लावला.

“कमी आहे.”

“कमी न्हाई, बरोबर हाय.”

“नकाशापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी आहे, आण्णा.”

“नकाशा कागदावर असतोय, बाळ. पेटीतनं कोअर बारीक येतोय. कोअर बारीक, तर बैठकही बारीक पाहिजे. न्हाईतर खुळखुळतोय.” त्यांनी रंध्याचं पातं अंगठ्यानं चाचपलं. “मी डोळ्यांनी बघून आलोय. कारखान्यातला भट्टीवरचा एकजण माझ्या वळखीचा हाय. त्यानं बोलावून दाखवलं. बापाच्या चपलंत पोराचा पाय, तसा कोअर बैठकीत. ऑफिसात कळायच्या आत मी पॅटर्न मागवून घेतला आणि बैठक उतरवली. तवापासनं दर पॅटर्नला एक हात मारतोय.”

“कधीपासून?”

“झाली की दोनतीन वर्षं.”

“दादाला का नाही सांगितलं?”

आण्णांनी रंध्यात अडकलेली साल काढून टाकली. “मी सांगायचं? मशीन नको म्हणून उंबऱ्यावर आडवा पडलेला माणूस मी. त्याला वाटलं असतं, म्हातारा खोट काढायला टपूनच बसलाय. आणि खोट मशीनची न्हवतीच. बांधतोय निष्काळजी. पण बापानं पोराचं उणं चारचौघांत काढायचं नसतंय. गुपचूप एक हात रंधा मारला की भागतंय. भागत व्हतं.”

“आण्णा, कोअर आता बारीक येत नाही.”

“कोण म्हणतंय?”

“मी मोजलंय. वहिनी प्रोग्राममध्येच पेटी वाढवून घेतात. दिवाळीच्या थोडं आधीपासून.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या पॅटर्नकडे. झाडाखाली पडलेल्या सालींचा एक गुंडाळा त्यांनी उचलला, बोटांत धरून सरळ केला आणि सोडून दिला.

“म्हणजे तिनं कोअर मोठा केला आणि मी बैठक बारीक केली.”

“हो.”

“आणि त्या मगदूमाची माणसं कानशी घेऊन बसल्यात.” ते हसले, पण ते हसणं लगेच विझलं. “माणिकला तरी मला सांगायला काय झालं व्हतं?”

“तुम्हाला तरी तिला सांगायला काय झालं होतं?”

आण्णा मांडीवरच्या साली झटकू लागले.

मला वाटलं, काम संपलं. वहिनींनी वाढवायचं सोडावं, आण्णांनी रंधा खाली ठेवावा, दादानं कटर आत घ्यावा, आणि कोअर बसावा. हिशेब इतका साधा दिसत होता. दादाला पटवण्यासाठी मी एक चाचणी ठरवली: एकाच सागवानाचे दोन ठोकळे, एक त्याच्या लांबीच्या कटरनं कापायचा, एक आखूड करून. वाढीव माप नाही, हातकाम नाही.

वहिनींना ते नको होतं. “आजच कशाला? साहेब उद्या येणार. आज त्यांना कशाला दुखवायचं?”

“वहिनी, मशीन जे करतं ते एकदा तरी त्याला दिसू द्या.”

“त्यांना दिसू द्या म्हणता,” वहिनी पुटपुटल्या आणि प्रोग्राम करायला बसल्या.

ऊन अजून शेडच्या दारातून आत येत होतं. दादानं पाटीवर ठोकळा आवळला आणि कटर बांधायला घेतला. मी त्याच्या डाव्या हाताला उभी होते. त्यानं कटर कॉलेटमध्ये सरकवला. डाव्या हाताचा अंगठा नटाच्या कडेवर ठेवला, मधलं बोट लांबवून ठोकळ्याच्या काठावर टेकवलं. बोटांचा तो ताण त्याचं माप होतं. मग त्यानं कटरच्या टोकाकडे पाहिलं. मग मान वर करून नटाकडे. पुन्हा मान खाली, टोकाकडे. नट आणि टोक एकमेकांपासून वीतभर अंतरावर होते. माझ्या एका नजरेत दोन्ही मावत होते. त्याला प्रत्येक वेळी मान हलवावी लागत होती.

नट आवळायचा पाना त्याच्या उजव्या हाताजवळ पाटीवर पडला होता. तो पाटी थोपटत पाना शोधू लागला. तळवा पान्याच्या अलीकडून गेला, पलीकडून गेला. संगणकापाशी बसलेल्या वहिनी तेव्हा इथं कधी आल्या, मला कळलं नाही. त्यांनी पाना एका बोटानं, आवाज न करता, त्याच्या तळव्याखाली सरकवला आणि मागे झाल्या. दादानं पाना उचलला. तो आपल्यालाच सापडला असं त्याला वाटलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची बोटं हे रोज करत असावीत, इतकं ते सहज होतं.

मशीन सुरू झालं.

ठोकळा कापून झाल्यावर मी तो झटकला, काटकोन बघायचा गुण्या त्याच्या भिंतीला लावला आणि दोन्ही दादाच्या हातात दिले. “धर आणि वरच्या बाजूला ही कागदाची पट्टी घाल.”

भिंत सरळ असती तर कागद शिरायला जागा राहिली नसती. दादानं ठोकळा अगदी चेहऱ्याजवळ घेतला. पट्टी गुण्याच्या आणि लाकडाच्या मधल्या फटीत सुळकन गेली आणि तळाकडं जाऊन अडकली. त्यानं ती काढली. घडी घालून दुप्पट केली. तीही गेली.

“हे एवढं?”

“एवढं.”

“लाकडात गाठ असंल.”

“गाठ नाही.”

“कटर बोथट झालाय.”

“नवाच लावलायस तू आत्ता.”

त्यानं वहिनींच्या दिशेनं तोंड फिरवलं. “माणिक, पेट्यांची मापं तू घेतीस. रोज असं येतं का?”

दारात आण्णा उभे होते. ते कधी आले तेही कुणाला कळलं नव्हतं.

“येतंय,” आण्णा म्हणाले. “लई दिवस येतंय. मी बैठका उतरवून देत व्हतो.”

“आणि मी पेट्या वाढवून देत होते,” वहिनी म्हणाल्या. “दिवाळीच्या आधीपासून.”

दादा त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. एकाकडे बघताना त्याला दुसरा दिसत नव्हता, हे मला तेव्हा समजलं. भुसा ओढायचा पंखा अजून घोंगावत होता. वहिनींनी जाऊन तो बंद केला. दादा स्टुलावर बसला, ठोकळा मांडीवर घेऊन.

“मी सांगलीला गेलो होतो,” तो म्हणाला. “डोळ्यांच्या डॉक्टरकडं. एकटाच. त्या टायमाला नट ठोकळ्याला धडकला होता, आणि मी तुम्हाला गाठ लागली म्हणून सांगितलं.”

“मला माहीत हाय,” वहिनी म्हणाल्या. “डॉक्टरची चिठ्ठी नव्हती बघितली. पण कपात चहा ओतताना तुम्ही कप हातानं चाचपता.”

“मला न्हवतं माहीत,” आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज फार लहान आला. “डोळ्यांचं काय?”

“कडेचं दिसणं जात चाललंय, आण्णा. नळीतनं बघितल्यागत. परत येणार न्हाई, आणि थांबणारही न्हाई म्हणाला डॉक्टर, हळूहळू जात राहणार. मशीनपाशी उभं राहू नका म्हणाला. गाडी सोडा म्हणाला. गाडी सोडली मी, पायाला चालणं चांगलं म्हणून सांगितलं घरात.”

“आणि मशीन?” मी विचारलं.

“नट दिसंना, म्हणून कटर लांब काढायला लागलो. लांब काढला की नट लाकडापासनं लांबच राहतोय.” तो ठोकळ्याच्या भिंतीवरून अंगठा फिरवत होता. “मी मनाशी ठरवलं होतं. डॉक्टरला काय कळतंय लाकडातलं? माझा माल मला सांगंल. ज्या दिवशी माल परत येईल, त्या दिवशी मशीन सोडायचं. रोज वाट बघायचो. कारखान्याचा फोन वाजला की वाटायचं, आलाच. पण माल परत येत न्हवता. महिने गेले, वर्षं गेली, माल येतच न्हवता. मी म्हटलं, हात हाय अजून. डोळं गेलं तरी हात बघतोय.”

त्याचा अंगठा तळाशी येऊन थांबला.

“ते तुम्ही बघत होता.”

“मला वाटलं,” वहिनी म्हणाल्या, “पेट्या नीट गेल्या तर तुम्हाला तिथनं कोण उठवणार न्हाई.”

“कोण उठवलंच न्हाई,” दादा म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “आणि मालाची तक्रार आली तेव्हा मी काय केलं? शालनला फोन केला. मशीन वाकडं कापतंय म्हणून लिहून दे म्हटलं.”

आण्णा पुढं झाले. त्यांनी दादाच्या मांडीवरचा ठोकळा उचलून बाजूला ठेवला आणि तिथंच त्याच्यासमोर, अगदी समोर, भुशात उकिडवे बसले, म्हणजे त्याला मान फिरवावी लागू नये. “मी निष्काळजी म्हणत व्हतो तुला,” ते म्हणाले. “मनातल्या मनात. रोज रंधा मारताना.”

“म्हणायचं होतं की मोठ्यानं, आण्णा. कोअर खुळखुळतोय म्हणून एकदा तरी तोंडावर म्हणायचं होतं.”

दुसरा ठोकळा त्या दिवशी कापला गेला नाही. त्याचं उत्तर आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. साधन चुकतं हे मला माहीत होतं. साधनाच्या चुकीला सुधारणा लावायची असते हेही. पण ती सुधारणा शेजारच्या कागदावर लिहून ठेवायची असते, म्हणजे वापरणाऱ्याला कळतं. हे घरच्या माणसांना समजावून सांगायचं शास्त्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मगदूमसाहेब आले. वहिनींनी चहा आणला. दादा रात्री झोपला नसावा, पण दाढी करून, धुतलेला शर्ट घालून बसला होता. मशीन बंद होतं.

“हं, ताई, काय निघालं?” साहेबांनी मला विचारलं.

“मशीन सरळ आहे. तपासलं मी.”

“मग?”

बाहेर रस्त्यावर एक ट्रक मागे घेत होते, त्याची शिट्टी वाजत राहिली.

“माझी चूक, साहेब,” आण्णा एकदम म्हणाले. “मीच बैठका जास्त उतरवल्या. वयामुळं हात घसरला. ह्याच्या कामात काय न्हाई.”

“न्हाई ओ, मामांचं काय न्हाई,” सासऱ्यांना मध्येच तोडत वहिनी म्हणाल्या. “प्रोग्राम माझा चुकला. नवीन हाय मी. पुढच्या पेट्या बघा तुम्ही, यांचा हात तुम्हाला माहीतच हाय...”

साहेब कप हातात धरून एकदा आण्णांकडे, एकदा वहिनींकडे बघत होते.

“थांबा दोघं,” दादा म्हणाला.

तो उठला. टेबलाची कड हातानं धरून तो साहेबांच्या बरोबर समोर जाऊन उभा राहिला.

“साहेब, मला कडेचं दिसत न्हाई. डोळं जात चालल्यात माझे, कळून लई दिवस झाले. कटर मीच चुकीचा बांधत होतो, आणि ही दोघं ते झाकत होती. आजपासून कटर माणिक बांधंल. मशीन तीच चालवंल. मी मशीन सोडलं.”